आठवणीचे धोंडे



इस्राएल लोक यार्देन नदी कोरड्या पायांनी उतरून गेले, तेव्हा यहोशवाने प्रत्येक वंशातून एक याप्रमाणे बारा माणसे निवडली, त्यांच्याकडून नदीच्या पात्रातील बारा धोंडे उचलून आणविले आणि ते गिलगालास उभे केले. त्या धोंड्यांस ना घडाई होती ना नक्षी. पुढे मुलांनी त्यांचा अर्थ विचारावा आणि वडिलांनी तो सांगावा, एवढ्याचसाठी ते तेथे होते. म्हणजे आठवण राखणे ही देवाच्या लोकांस लावून दिलेली गोष्ट आहे, हे उघड आहे.

परंतु त्याच शास्त्रात आपल्या प्रभूने शास्त्री व परूशी यांस जो दोष लावला, तो संदेष्ट्यांच्या कबरा बांधून शृंगारण्याबद्दलचाही होता. मेलेल्या संदेष्ट्यास फुले वाहावी आणि जिवंत संदेष्ट्यास धोंडे मारावे, अशी त्यांची रीत होती. तेव्हा विचारी मनुष्यास प्रश्न पडतो, की पूर्वजांच्या सत्कृत्यांची स्मारके राखणे हे कर्तव्य आहे, की तो केवळ उसना अभिमान आहे? यहोशवाचे धोंडे कोठे संपतात आणि परूशांच्या कबरा कोठे सुरू होतात? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही वाचकांस एका दूरच्या लहान गावी नेतो. ते आपल्या तालुक्याच्या गावाहूनही लहान आहे; परंतु तेथील दोन घरांच्या गोष्टीत या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे.

अमेरिकेच्या मध्यभागाकडे ओहायो नावाची मोठी नदी वाहते. तिच्या उत्तर तीरावर ओहायो राज्यात रिप्ली हे गाव आहे. ते १८१२ साली वसले. आजही त्याची वस्ती दीड हजारांच्या आसपासच आहे. समोर दक्षिण तीरावर केंटकी राज्य आहे. त्या काळी ही नदी दोन कायद्यांची शीव होती. १७८७ सालच्या नियमाने नदीच्या उत्तरेस गुलामगिरीस मनाई झाली होती. दक्षिणेस मात्र माणसे गुरांप्रमाणे विकली व विकत घेतली जात. आईपासून लेकरू, नवऱ्यापासून बायको तोडली जाई, आणि देवाचे वचन वाचावयास शिकणे हाही पुष्कळ ठिकाणी गुन्हा मानला जाई. तेव्हा दक्षिण तीरावर उभ्या असलेल्या गुलामास पलीकडचे रिप्ली हे वचनदत्त देशासारखे दिसत असले तर नवल नाही.

या गावी १८२२ साली रे. जॉन रँकिन नावाचे प्रेस्बिटेरियन पाळक आले आणि चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी तेथील मंडळीची सेवा केली. आपला भाऊ टॉमस याने व्हर्जिनियात गुलाम विकत घेतल्याचे त्यांस कळले, तेव्हा त्यांस फार दुःख झाले. त्यांनी भावास एकामागून एक पत्रे लिहिली आणि ती १८२४ साली गावातील वर्तमानपत्रात छापविली. १८२६ साली त्यांचे पुस्तक झाले. देवाने सर्व माणसे एकाच रक्ताची केली आहेत, तर एकाने दुसऱ्याचा धनी म्हणून विकत घेणे हे पाप आहे, असा त्यांचा आशय होता. अखेर भावाचे मन वळले व त्याने आपले गुलाम मोकळे केले. एका खेड्यातील पत्रात छापलेल्या मजकुराने हे घडले, याची नोंद आम्हां वर्तमानपत्रवाल्यांनी अवश्य घ्यावी.

पुढे रँकिन यांनी गावामागच्या टेकडीवर विटांचे लहान घर बांधले. त्यात ते, त्यांची पत्नी जीन व त्यांची तेरा मुले राहत. रात्री त्या घराच्या खिडकीत दिवा लावलेला असे आणि तो नदीपलीकडून दिसे. जो कोणी गुलाम नदी पार करून टेकडी चढून येई, त्यास तेथे अन्न, कपडा व आसरा मिळे. मग रँकिन यांचे मुलगे त्यास रात्रीच पुढील घरी पोचवीत. अशा घरांची साखळी थेट कॅनडापर्यंत गेली होती. तिला लोक भूमिगत रेल्वे म्हणत, पण तीत ना रूळ होते ना गाडी. देवाचे भय बाळगणारी माणसे, त्यांची तळघरे व त्यांचे घोडे हीच ती रेल्वे. १८३८ सालच्या हिवाळ्यात एक आई लेकरू छातीशी धरून, नदीवरील फुटत चाललेल्या बर्फावरून पाय देत याच घरी आली. तिची हकीकत हॅरिएट बीचर स्टो बाईंच्या कानी गेली आणि ‘अंकल टॉम्स केबिन’ या १८५२ सालच्या कादंबरीत ती एलायझा म्हणून जगभर गेली.

आता कोणी म्हणेल, धन्य ते गाव! येथेच सावध असावे. सारे रिप्ली रँकिन यांच्या पाठीशी नव्हते. नदीपलीकडच्या मालकांशी व्यापार करून पोट भरणारे लोक गावात पुष्कळ होते. रँकिन व्याख्यानास जात तेव्हा त्यांच्यावर अंडी व दगड पडत. १८४१ साली गुलाम पकडणाऱ्या लोकांनी रात्री त्यांच्या घरावर हल्ला केला आणि त्यांच्या मुलांस हातात बंदुका घेऊन उभे राहावे लागले. ओहायो राज्यात गुलामगिरी नव्हती हे खरे; परंतु १८०७ सालच्या कायद्याप्रमाणे तेथे वस्तीस येणाऱ्या कृष्णवर्णीय माणसास पाचशे डॉलरांचा जामीन द्यावा लागे. १८५० साली फरारी गुलामांविषयी नवा कडक कायदा झाला. गुलामास मदत करणाऱ्यास हजार डॉलर दंड व सहा महिने कैद ठरली. त्याच कायद्याने पंचास असे वेतन ठरविले, की माणूस मालकाच्या हवाली केला तर दहा डॉलर आणि सोडून दिला तर पाच! न्यायाच्या तराजूत याहून उघड पासंग क्वचितच कोणी घातला असेल.

मंडळीही निर्दोष नव्हती. गुलाम बाळगणाऱ्यांस प्रभुभोजनास बसू द्यावे की नाही, यावर प्रेस्बिटेरियन मंडळी ठाम बोलेना. म्हणून १८४७ साली रँकिन व त्यांचे सोबती वेगळे झाले आणि त्यांनी फ्री प्रेस्बिटेरियन मंडळी स्थापिली. तेव्हा ज्यांस आज आपण गावाचे भूषण म्हणतो, त्यांस त्यांच्या काळी शेजाऱ्यांनी उपद्रवी म्हटले, हे विसरून चालणार नाही. जो कोणी हा भाग गाळून केवळ दिव्याचीच गोष्ट सांगतो, तो संदेष्ट्यांच्या कबरा शृंगारणाऱ्यांपैकी होतो.

आता दुसऱ्या घराकडे वळू. हे घर टेकडीवर नाही. ते खाली नदीकाठी आहे. जॉन पार्कर हा १८२७ साली व्हर्जिनियात एका गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मला. बाप गोरा होता. वयाच्या आठव्या वर्षी त्यास आईपासून तोडून विकले, साखळदंडात बांधून पायी चालविले आणि अखेर दूर अलाबामातील मोबील शहरी नेले. तेथे ज्या वैद्याने त्यास विकत घेतले, त्याच्या मुलांनी त्यास चोरून वाचावयास शिकविले. तो लोखंड ओतण्याचे काम शिकला आणि काम करून साठविलेल्या पैशातून १८४५ साली अठराशे डॉलर देऊन त्याने स्वतःसच विकत घेतले. पुढे तो रिप्लीस येऊन राहिला. त्याने तेथे ओतीव लोखंडाचा कारखाना काढला, यंत्रांचे शोध लावून सरकारी पेटंटे मिळविली आणि मुलाबाळांस चांगले शिक्षण दिले.

हा दिवसाचा पार्कर झाला. रात्री तो होडी वल्हवीत केंटकीच्या तीरास जाई. रँकिन यांचा दिवा आलेल्यास वाट दाखवी. पण ज्याला नदीपर्यंत येताच येत नाही, त्यास आणावयास पार्कर स्वतः पलीकडे जाई. तेथे तो पकडला गेला असता तर दंडावर सुटका नव्हती. त्याच्या डोक्यावर हजार डॉलरांचे बक्षीस लावलेले होते. एकदा एका मालकास आपले गुलाम जोडपे पळून जाईल असा संशय आला, म्हणून तो रोज रात्री त्यांचे तान्हे मूल आपल्या पलंगाच्या पायथ्याशी निजवू लागला आणि उशाशी पिस्तुले ठेवू लागला. पार्कर त्या खोलीत सरपटत शिरला, मूल उचलले आणि मालक जागा होऊन धावेपर्यंत नदी गाठली. आईबाप व लेकरू तिघेही त्या रात्री पार झाले.

पार्करने सुटलेल्या माणसांची एक वही ठेवली होती. तीत तीनशेंहून अधिक माणसांची टिपणे होती. परंतु १८५० चा कायदा झाला, तेव्हा ती वही हाती लागली तर आपले घरदार जाईल आणि कोण कोठे गेले हेही कळेल, या भीतीने त्याने ती आपल्याच कारखान्याच्या भट्टीत टाकली. बंधूंनो, येथे क्षणभर थांबा. रँकिन यांस आपली पत्रे छापविता आली. त्यांवर त्यांचे नाव होते. पार्करला आपला इतिहास स्वतःच्या हाताने जाळावा लागला. गरिबांचा इतिहास लिहिलेला सापडत नाही, म्हणून त्यांनी काही केलेच नाही असे जे म्हणतात, त्यांनी ती भट्टी आठवावी.

पुढे १८८० नंतरच्या दशकात फ्रँक ग्रेग नावाच्या पत्रकाराने म्हाताऱ्या होत चाललेल्या पार्करच्या तोंडून त्याची हकीकत ऐकून लिहून घेतली. पार्कर १९०० साली वारला. ते हस्तलिखित ड्यूक विद्यापीठाच्या ग्रंथसंग्रहात पडून राहिले आणि १९९६ साली, म्हणजे त्याच्या मरणानंतर ९६ वर्षांनी, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

घरांचेही तसेच झाले. टेकडीवरचे रँकिन यांचे घर १९३८ साली ओहायो राज्याने विकत घेतले, दुरुस्त केले आणि १९४८ साली लोकांस पाहण्यास खुले केले. ते योग्यच झाले. परंतु नदीकाठचे पार्करचे घर वाचविण्यासाठी त्याच्या नावाची संस्था उभी राहिली ती १९९६ साली. पहिले घर राखावयास घेतले, तेव्हापासून ५८ वर्षांनी! १९९७ साली अमेरिकेच्या सरकारने दोन्ही घरांस राष्ट्रीय स्मारकांचा एकच दर्जा दिला. आज ज्यास जावयाचे त्याने टेकडीही चढावी आणि नदीकाठीही उतरावे, तेव्हाच रिप्लीची गोष्ट पुरी होते.

या ५८ वर्षांत कोणी खोटे बोलत होते असे आम्ही म्हणत नाही. ज्यांनी रँकिन यांचे घर राखले त्यांनी सत्यच राखले, पण अर्धे. उपदेशक ग्रंथाच्या नवव्या अध्यायात एका लहान नगराची गोष्ट आहे. बलाढ्य राजाने त्यास वेढा घातला, तेव्हा एका गरीब पण शहाण्या मनुष्याने आपल्या शहाणपणाने ते वाचविले. पुढे मात्र त्या गरिबाची कोणी आठवण ठेवली नाही. शलमोनाने हे सूर्याखाली पाहिलेले म्हणून सांगितले आहे. आठवण राहते ती बहुधा ज्याच्यापाशी दगड, कागद व वारस असतात त्याची.

आणखी एक हानी आहे, ती सूक्ष्म आहे. ज्या गोष्टीत केवळ सोडविणारा असतो आणि सुटणारा मुका असतो, ती गोष्ट सुटलेल्याच्या नातवंडांस उपकाराच्या ओझ्याखाली वाकविते. आपले आजे कोणी तरी उचलून बाहेर काढलेले जीव होते, एवढेच ती शिकतात. ते रात्री नदीत उतरले, त्यांनी परतून दुसऱ्यांस आणिले, हे त्यांस कोणी सांगत नाही. उपकार मानणे हा ख्रिस्ती सद्गुण आहे. परंतु आपल्या वडिलांचे धैर्य विसरून मानलेला उपकार हा सद्गुण नव्हे, तो दास्याचाच एक अवशेष आहे.

तर आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस असे दिसते. आठवण राखणे हे कर्तव्यच आहे. पण ती तीन गोष्टींनी पारखावी. पहिली ही, की तीत लाज व भूषण दोन्ही आहेत काय? पवित्र शास्त्राने दाविदाची गाणीही राखली आणि उरीयाच्या बायकोची गोष्टही राखली. दुसरी ही, की तीत गरिबाचे नाव आहे काय? आणि तिसरी ही, की ती जिवंतांच्या माथी काही काम टाकते काय? आज आपल्या दाराशी कोण उभा आहे, हे जी विचारावयास लावीत नाही, ती आठवण कबरेवरच्या चुन्यासारखी आहे. पौलाने मागील गोष्टी विसरून पुढे धावावे असे सांगितले हे खरे. पण त्याच पौलाने आपण मंडळीचा छळ केला होता हे पुनःपुन्हा लिहून ठेविले. त्याने विसरावयाचा तो अभिमान, सत्य नव्हे.

रिप्लीची गोष्ट आपल्यापासून अगदीच दूरची नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले, ते गुलामांच्या मुक्ततेसाठी निःस्वार्थपणे झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केले आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी आशा धरली. रँकिन व पार्कर यांच्यासारखे लोक त्या अर्पणात येतातच. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईस आले व १८३१ साली अहमदनगरास राहिले, ते बोर्ड गुलाम बाळगणाऱ्यांविषयी व त्यांच्या देणग्यांविषयी कचरत राहिले. म्हणून अनेक ख्रिस्ती लोक त्याच्यापासून दूर झाले आणि त्यांनी १८४६ साली अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही निराळी संस्था काढली. तरी त्याच बोर्डाच्या मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्राने १८५५ साली फुल्यांच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखांविषयीचा निबंध छापला. छापला म्हणून तो राहिला आणि आज आपण तो वाचतो. चूक व पुण्य एकाच घरात राहिली, दोन्ही सांगावी.

आता आमचीही एक चूक सांगतो. आमच्या पाहण्यात एका खेड्यातील जुने मंदिर आहे. त्याच्या दारावरील पाटीवर पैसा पाठविणाऱ्या परदेशी मंडळीचे व कोनशिला बसविणाऱ्या साहेबांचे नाव आहे, ते असावेच. कित्येक वर्षांपूर्वी त्या मंडळीतील एका वृद्ध बाईने आम्हांस सांगितले, की मंदिर बांधताना गावाने आपल्या लोकांस विहिरीवर चढू दिले नाही, म्हणून सात बायांनी दूरच्या ओढ्यावरून घागरींनी पाणी आणून चुना भिजविला. तिने सासूकडून ऐकलेली ती सातही नावे बोटांवर मोजून दाखविली. आम्ही मान डोलाविली, चहा घेतला आणि निघून आलो. पुढे ती बाई प्रभूमध्ये निजली. आज आम्हांस त्या सातांतील तीनच नावे आठवतात. उरलेली चार कोणी जाळली नाहीत. आमच्या आळसाने ती गेली. पार्करने भीतीने वही जाळली, त्याचा दोष त्यास लागत नाही. आम्हांस कोणाचे भय होते?

म्हणून उपदेशक बंधूंस व मंडळीच्या वडिलांस आमची नम्र विनंती आहे. मंडळीच्या दप्तरात एक निराळी वही घालावी. तीत प्रथम विश्वास धरलेल्या घराण्यांची नावे लिहावी, पुरुषांइतकीच बायांचीही. कोणी मार खाल्ला, कोणाचे बलुते बंद झाले, कोणी रात्री शाळा चालविली, हे म्हाताऱ्यांस विचारून त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे. ज्या शेजाऱ्याने, मग तो कोणत्याही धर्माचा असो, संकटात भाकर दिली, त्याचेही नाव लिहावे. आणि जेथे मंडळीतच जातीचा भेद प्रभूच्या मेजापर्यंत आला असेल, तेथे तेही लिहावे. कोणाचा सूड घ्यावा म्हणून नव्हे, तर मुलांनी तोच प्याला पुन्हा दूर सारू नये म्हणून. हे काम पावसाळ्यानंतर करू असे म्हणू नये. म्हातारी माणसे आपल्या सवडीसाठी थांबत नाहीत.

यार्देनेतील ते बारा धोंडे यहोशवाने एकट्याने वाहिले नाहीत. प्रत्येक वंशाच्या खांद्यावर एक होता, लहान वंशाच्याही. आपापल्या मंडळीत कोणता धोंडा अजून नदीच्या पात्रातच पडून आहे, हे प्रत्येकाने पाहावे आणि पाणी पुन्हा भरून येण्यापूर्वी तो उचलून आणावा. यासाठी लागणारी सत्यप्रीती प्रभू आपणां सर्वांस देवो.